श्रद्धा, हाल आणि साहस : समुद्रापलीकडून आलेली माणसं

घर सोडून, समुद्र ओलांडून, ओळखपाळख नसलेल्या मुलखात आपला धर्म सांगायला जाणाऱ्या माणसाबद्दल आपल्या मनात साधारण दोनच चित्रं असतात. एक संताचं आणि दुसरं लबाडाचं. संत म्हटलं की चौकशी थांबते आणि लबाड म्हटलं तरी थांबते. माझी उमेदीची वर्षं नगर जिल्ह्यात इतिहास शिकवण्यात गेली. मिशनऱ्यांच्या शाळांचा धडा आला की दरवर्षी वर्गातलं एखादं पोर विचारायचंच, "सर, इथं येऊन मरायला ही माणसं आलीच कशाला?" प्रश्न पोरकट नाही. आजच्या भाषणात त्याचंच उत्तर शोधायचा प्रयत्न करणार आहे.

मी स्वतः ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. श्रद्धा आणि हाल यांचं नातं आम्हाला घरातच कळतं. वारीत पाय सुजतात, पावसात भिजावं लागतं, तरी माणूस पुढच्या वर्षी पुन्हा निघतो. पण वारकरी आषाढी करून घरी परत येतो. मिशनरी म्हणून निघालेल्या माणसाला परतीची खात्री नसायची. शिवाय त्याच्या जाण्यात तिसरी एक गोष्ट मिसळलेली असायची, ती म्हणजे नवा मुलूख बघण्याची, काहीतरी अचाट करून दाखवण्याची ओढ. श्रद्धा, हाल आणि साहस या तिन्हींचा तोल कसा राखला गेला आणि कुठे ढळला, हे पाहायला आपल्याला आफ्रिकेच्या जंगलात जायला नको. मराठी मुलखात आलेले पहिले अमेरिकन मिशनरी त्याला पुरेसे आहेत.

गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात. १८०६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले आणि आशिया खंडात जाऊन धर्म सांगायचा, असा विचार त्यांनी तिथे बोलून दाखवला. त्यातून पुढे चळवळ उभी राहिली. १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था स्थापन झाली आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस ही ती पाच नावं. त्याच महिन्यात दोन जहाजं सुटली. सेलमहून 'कॅराव्हॅन' निघालं, त्यात जडसन आणि न्यूवेल ही दोन जोडपी होती. फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' निघालं, त्यात नॉट पतीपत्नी, हॉल आणि राइस होते. 'कॅराव्हॅन'वरच्या दोन्ही जोडप्यांची लग्नं होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. हॅरिएट न्यूवेल अठरा वर्षांची होती.

साहस म्हणून पाहिलं तर यात काही कमी नव्हतं. जवळजवळ चार महिने पाण्यावर काढायचे, अमेरिकेतून यापूर्वी या कामासाठी कोणी इतक्या दूर गेलेलं नाही, आणि पोचल्यावर राहायचं कुठे हेही ठरलेलं नाही. १७ जून १८१२ रोजी 'कॅराव्हॅन' कलकत्त्याला लागलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ती बातमी इकडे यायला वेळ लागणार होता, पण ईस्ट इंडिया कंपनीला ही माणसं तशीही नको होती. कंपनीला व्यापार करायचा होता आणि राज्य टिकवायचं होतं. १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांचा उठाव झाला होता आणि लोकांच्या धर्मात ढवळाढवळ झाली की असं होतं, अशी धास्ती अधिकाऱ्यांना बसली होती. नव्या पाहुण्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला.

इथे पहिला धडा मिळतो. घरून निघताना माणसाने स्वतःला वाघाची, वादळाची, रानटी लोकांची भीती घालून तयार केलेलं असतं. प्रत्यक्षात समोर येतो तो कारकून, परवाना आणि हुकूमनामा. त्याला तोंड द्यायला धाडस फारसं उपयोगी पडत नाही. तिथे चिकाटी लागते.

पुढे प्रत्येकाची वाट वेगळी झाली. न्यूवेल दांपत्य ऑगस्टमध्ये मॉरिशसकडे निघालं. हॅरिएट गरोदर होती. वाटेत जहाजावरच तिला मुलगी झाली आणि पाचच दिवसांत ती गेली. हॅरिएटला क्षयाने गाठलं आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये तिचाही अंत झाला. वय एकोणीस. जे काम करायला ती आली होती, त्यातलं एक दिवसाचंही काम तिच्या हातून झालं नव्हतं.

मग एक विचित्र गोष्ट घडली. तिची रोजनिशी आणि पत्रं तिच्या चरित्रासह १८१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ते वाचून कितीतरी तरुण मुलींना आपणही असंच जावं असं वाटू लागलं. हालांची गोष्ट दुरून वाचली की सुंदर दिसते. क्षयाचा खोकला पुस्तकात ऐकू येत नाही. मी हे टिंगल म्हणून सांगत नाही. त्या मुलीची श्रद्धा खरीच होती. पण हाल भोगणं हीच सेवा, असं एकदा मनात बसलं की माणूस हालांच्या शोधात निघतो आणि काम बाजूला राहतं. हा तोल ढळण्याचा पहिला प्रकार.

दुसरा प्रकार जडसनच्या आयुष्यात दिसतो. बंगालमध्ये बाप्तिस्त पंथाच्या विल्यम कॅरी वगैरे मंडळींशी गाठ पडणार म्हणून जडसन जहाजावर बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास करत बसला, आणि अभ्यास करता करता त्याला त्यांचंच म्हणणं पटलं. आता पंचाईत झाली. ज्या बोर्डाच्या पैशावर तो आला होता ते वेगळ्या मताचं. गप्प बसला असता तर महिन्याचा खर्च मिळत राहिला असता. त्याने तसं केलं नाही. सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात त्याने आणि पत्नी ॲन हिने नव्याने बाप्तिस्मा घेतला आणि बोर्डाशी संबंध संपवला. राइसनेही पुढे तेच केलं आणि नवा आधार उभा करायला तो अमेरिकेला परत गेला. परमुलखात, खिशात पैसा नसताना, एका मतभेदासाठी आपला पोशिंदा सोडणं याला मी खरं साहस म्हणेन.

जडसन पतीपत्नी १८१३ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनला पोचली. पहिला माणूस ख्रिस्ती व्हायला १८१९ साल उजाडावं लागलं. १८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांचं युद्ध सुरू झालं आणि गोरा माणूस म्हणजे हेर, या संशयावरून जडसनला राजधानी आवा इथे तुरुंगात टाकलं. जवळजवळ दीड वर्ष तो बेड्यांत होता. रात्री कैद्यांचे पाय बांबूला अडकवून वर ओढून ठेवत. ॲन रोज अन्न घेऊन तुरुंगाच्या दाराशी जायची, अधिकाऱ्यांच्या विनवण्या करायची. बायबलच्या भाषांतराचं हस्तलिखित तिने उशीत शिवून त्याच्यापर्यंत पोचवलं. त्याच काळात ती बाळंतही झाली. जडसन सुटला, पण ऑक्टोबर १८२६ मध्ये ॲन गेली आणि काही महिन्यांत त्यांची मुलगीही गेली.

त्यानंतरचा भाग भाविक चरित्रांत थोडक्यात उरकलेला असतो, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जडसन खचला. माणसांपासून दूर रानात झोपडी बांधून राहू लागला. स्वतःची कबर खणून तिच्याकाठी बसू लागला. आयुष्यभर ज्याच्याबद्दल लोकांना सांगितलं, तो देव आता आपल्याला दिसत नाही, असं त्याला वाटू लागलं. तुरुंगात जो मोडला नाही तो सुटल्यावर मोडला. श्रद्धा हे चिलखत आहे आणि ते अंगावर असलं की घाव लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. घाव लागतात, आणि कधी कधी ते फार उशिरा ठणकू लागतात. त्याला वर आणलं ते हळूहळू, रोजच्या कामाने. भाषांतराचं काम समोर होतं, ते तो करत राहिला. १८३४ मध्ये ब्रह्मी भाषेतलं संपूर्ण बायबल हातावेगळं झालं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. हॉल आणि नॉट हे हुकूम चुकवून कलकत्त्याहून निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईला पोचले. मुंबईचे गव्हर्नर होते सर इव्हान नेपियन. या दोघांना इंग्लंडला पाठवून द्या, असं कलकत्त्याचं फर्मान होतं. दोघांनी गव्हर्नरला अर्जावर अर्ज केले. पाठवणी टळत नाही असं दिसताच किनाऱ्याने जाणाऱ्या गलबतातून गुपचूप कोचीनला पळाले. तिथे पकडून त्यांना पुन्हा मुंबईला आणलं. नेपियन यांनी मात्र त्यांची रवानगी लांबवत नेली. तेवढ्यात १८१३ चा सनदी कायदा झाला, मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली आणि दोघांना राहायची परवानगी मिळाली. पत्नी गमावलेला न्यूवेलही सिलोनहून १८१४ मध्ये त्यांना येऊन मिळाला. मराठी मिशन सुरू झालं ते असं.

नॉटची प्रकृती इथे टिकली नाही. १८१५ मध्ये तो पत्नीसह परत गेला. जुन्या काळी परत जाणाऱ्याकडे जरा कमीपणाने पाहत. पण नॉट अमेरिकेत धर्मोपदेशक म्हणून काम करत १८६९ पर्यंत जगला. इकडे न्यूवेल १८२१ मध्ये पटकीने गेला. परत जाणं म्हणजे हरणं आणि मरणं म्हणजे जिंकणं, असा हिशेब मांडायचा का? मला तो मान्य नाही. कुठे थांबायचं हे कळणंही तोल राखण्यातच येतं.

हॉल मागे राहिला. तेरा वर्षांच्या त्याच्या मुक्कामात नाट्य फारसं नाही. सकाळी मराठी शिकायची, मग रस्त्यावर, देवळापाशी, बाजारात जाऊन बोलायचं, शाळांवर देखरेख ठेवायची, भाषांतर करायचं. लोक ऐकत, वाद घालत, हसत आणि निघून जात. ख्रिस्ती होणारं जवळजवळ कोणी नव्हतं. अमेरिकेहून बोर्डाची पत्रं यायची, त्यांना हिशेब आणि अहवाल द्यावा लागायचा. उत्तर मिळायला कित्येक महिने लागत. साहसाची सगळी नशा उतरल्यावर जे उरतं ते हे काम. १८२५ मध्ये त्याची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेली. नवरा-बायकोची पुन्हा भेट झाली नाही.

मार्च १८२६ मध्ये हॉल मुंबईहून घाट चढून नाशिकला गेला. बरोबर दोन तरुण मुलं होती. नाशिकला पटकीची साथ जोरात होती. भारतात येण्यापूर्वी हॉलने फिलाडेल्फियाला वैद्यकाची व्याख्यानं ऐकली होती, त्यामुळे तो औषधं बाळगून असायचा. जवळची बरीच औषधं त्याने तिथे वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात देवळापाशी मुक्काम पडला. पहाटे त्यालाच पटकीने धरलं आणि २० मार्च रोजी काही तासांतच तो गेला. वय एक्केचाळीस. ज्याच्यावर त्याने वर्षानुवर्षं कष्ट घेतले, तो मराठी नवा करार त्याच साली छापून पुरा झाला.

हॉलचं मरण मला हॅरिएटच्या मरणापेक्षा वेगळं वाटतं. तो मरण शोधायला नाशिकला गेला नव्हता. आजारी माणसं समोर दिसली, जवळ औषध होतं, ते त्याने दिलं. त्या क्षणी तो कोणत्या धर्माचा आणि समोरचा कोणत्या धर्माचा, हा प्रश्नच उरला नव्हता.

आता नगरकडे. अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. इथे १८३१ च्या अखेरीस या मिशनचं ठाणं झालं. अर्ध्या वर्षाच्या आत पहिल्या मंडळींपैकी विल्यम हर्व्ही पटकीने गेला. तरी ठाणं हललं नाही. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघू लागलं. याच गावात १८३९ मध्ये एक बाई राहायला आली. तिचं नाव सिंथिया फरार. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित बायकांपैकी ती एक. १८२७ च्या डिसेंबरात ती मुंबईत उतरली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. मुलींच्या शाळांवर देखरेख करायची, हे तिचं काम. मुंबईत मिशनने मुलींची शाळा १८२४ मध्येच काढली होती.

फरारबाईंच्या आयुष्यात तुरुंग नाही, पलायन नाही, वादळ नाही. मधल्या काळात प्रकृतीसाठी एकदा मायदेशी जाऊन आल्या, एवढंच. बाकी चौतीस वर्षं मुली गोळा करणं, त्यांच्या आईबापांना समजावणं, मुलगी वयात आली की तिला घरी बसवतात म्हणून पुन्हा नव्या मुली शोधणं. १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर कोणी थरारक पुस्तक लिहिलं नाही. पण जोतीराव फुले नगरला गेले असताना त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि पुण्याला परतल्यावर १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. हे त्यांनी स्वतःच पुढे नमूद केलं आहे. सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीच्या संदर्भातही फरारबाईंच्या शाळेचं नाव घेतलं जातं. या बाईंनी जे पेरलं ते अशा शेतात उगवलं, जे त्यांच्या मिशनचं नव्हतं. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला.

असंच दुसरं उदाहरण मिशनच्या मुंबईतल्या छापखान्याचं. तो उभा राहिला बायबल आणि धर्मपुस्तकं छापायला. तिथे काम शिकून बाहेर पडलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापलं. तिथेच लहानपणी उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथांची सुबक छपाई घराघरांत पोचवली. ज्याने खिळे आणले त्याच्या मनात हे खचितच नव्हतं.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ही माणसं आपल्याला अंधारात चाचपडणारी समजून आली होती. आपली दैवतं, आपले उत्सव यांच्याविषयी त्यांच्या लेखनात पुष्कळदा तुच्छता आहे. ती वाचताना आजही मनाला लागतं. आपल्या लोकांनी ती मुकाट्याने सोसली असंही नाही. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते आणि ते ऐकायला गर्दी लोटत होती. शिवाय ज्या पंडितांनी, मुनशींनी या परदेशी माणसांना मराठी शिकवली, भाषांतरात शब्द पुरवले, त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला सहज सापडत नाहीत. हाल गोऱ्या माणसाच्या नावावर लिहिले गेले. नाशिकच्या वाटेवर हॉलला मूठमाती देण्याचा प्रसंग ज्या दोन मुलांवर आला, त्यांच्या मनावर काय ओढवलं असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मग माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर काय? ही माणसं आली ती श्रद्धेने आली, हे खरं. त्यात तरुणपणाची साहसाची ओढ होती, हेही खरं. ती नसती तर चार महिन्यांच्या समुद्रप्रवासाला कोणी उभंच राहिलं नसतं. साहसाने त्यांना बंदरापर्यंत आणलं, पण बंदरावर ते संपलं. त्यानंतर टिकले ते तीन गोष्टींच्या आधारावर. पहिली म्हणजे इथली भाषा. भाषा शिकायला बसलेल्या माणसाला रोज चुकावं लागतं आणि ज्यांना शिकवायला आलो त्यांच्यापुढे शिष्य व्हावं लागतं. त्याने अहंकार थोडा तरी झिजतो. दुसरी म्हणजे ठरलेलं, मोजता येईल असं काम. शाळा, छपाई, भाषांतर, औषध. श्रद्धा डळमळली तरी हात चालू राहिले की माणूस सावरतो. तिसरी म्हणजे कुणाला तरी उत्तर देण्याची बांधिलकी, मग ती बोर्डाला असो, सहकाऱ्यांना असो की आपल्या सदसद्विवेकाला.

आजही घरदार सोडून दूर सेवेला निघणारी तरुण मुलं आहेत. कोणी चर्चतर्फे जातं, कोणी एखाद्या आश्रमातर्फे, कोणी दुष्काळी किंवा युद्धग्रस्त भागात वैद्यकीय पथकातून. अशा मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी निघण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा असं मला वाटतं. आपल्या साहसाची किंमत नक्की कोण मोजणार आहे? हॅरिएटच्या तान्ह्या मुलीने ती मोजली, ॲन जडसनने मोजली, हॉलच्या मुलांनी मोजली. किंमत स्वतःच्या खिशातून जात असेल तर तो निर्णय आपला. ती दुसऱ्याच्या पदरातून जाणार असेल तर त्याला आधी विचारायला हवं. आणि जिथे जायचं तिथल्या लोकांना आपण नेलेलं हवं आहे का, हेही त्यांच्याच भाषेत विचारायला हवं. ते उत्तर समजण्याइतकी भाषा येईपर्यंत थांबण्याची तयारी असली, तर निघायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)